डे-एंड करतो साहेब, पण आधी सभासदाची बाकी बरोबर करा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
सोसायटी संगणकीकरणाची जिल्हा समिती,
आणि या कामावर नेमलेली सगळी साहेब मंडळी

विषय: हाती लिहायचं दप्तर बंद करण्याच्या परिपत्रकाबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं परिपत्रक मिळालं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या विकास सोसायटीची हाती लिहायची किर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (सभासदवार खात्यांची वही), कर्ज रजिस्टर सगळं बंद, जो काय व्यवहार होईल तो फक्त ऑनलाईन, आणि समांतर दप्तर ठेवलेलं सापडलं किंवा रोजचा डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब मशीनमध्ये बंद करणं, झाला नाही तर गटसचिवाचा, म्हणजे सोसायट्यांचं दप्तर सांभाळणाऱ्या सचिवाचा, पगार रोखणार, असं त्यात दीड पानात लिहिलंय. पगार रोखायचं वाचून आमच्यातले काही जण हसले, कारण रोखायला तो आधी वेळेवर निघावा लागतो. पण बाकीचं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एरवी आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठा दाखवतो, मीटिंगला मान हलवतो आणि चहा पिऊन परत येतो, ह्या वेळी ते जमणार नाही, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय. सभासदांनी पण वाचावं, कारण बाकी त्यांच्या नावावरची आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम घातलं नाही, शेजारच्या जिल्ह्यातल्या गटसचिवाला पण हे आपलंच वाटणार ह्याची खात्री आहे.

मी गटसचिव आहे. माझ्याकडं तीन विकास सोसायट्या आहेत, नोकरीला पंचवीसएक वर्षं होत आली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मी पदरच्या पैशानं शिकलो, ते पण तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या क्लासला जाऊन, तेव्हा सोसायटीत कॉम्प्युटर सोडा, पंखा पण धड नव्हता. त्यामुळं कॉम्प्युटरला घाबरणारा जुना माणूस म्हणून मला बाजूला काढू नका, ते सोपं उत्तर झालं.

गावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. वर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा बँक, खाली गावची विकास सोसायटी. शेतकरी सोसायटीचा सभासद आणि सोसायटी जिल्हा बँकेची सभासद. बँक पैसे देते सोसायटीला, सोसायटी देते शेतकऱ्याला. म्हणजे एकाच रुपयाची दोन कर्जं होतात आणि दोन ठिकाणी लिहिली जातात, हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे. ह्या सोसायट्या १९०४ च्या कायद्यापासूनच्या. आता २९ जून २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २५१६ कोटी रुपयांची. पुढं आकडा वाढत ६७,९३० सोसायट्या आणि २९०० कोटींच्या वर गेला. भागाकार केला तर सोसायटीमागं चार लाखाच्या आसपास पडतात. काम नाबार्डच्या देखरेखीखाली, महाराष्ट्रातल्या १२ हजाराच्या आसपास सोसायट्या त्यात, आणि सगळ्या देशाला मिळून ईआरपी सॉफ्टवेअर (संस्थेचा सगळा कारभार एकाच ठिकाणी नोंदवणारं) एकच. २४ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी १८ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाचं दिल्लीत उद्घाटन केलं, तो कार्यक्रम आम्ही पण बघितला.

पैसा थोडा नाही आणि हेतू पण वाईट नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. व्याज आकारणीचंच घ्या. मार्चएंडला पाचशे-सहाशे खात्यांचं व्याज दिवस मोजून काढायचं, मग तेरीज (सगळ्या बाक्यांची बेरीज) जुळवायची, चार रुपये कमी पडले तर रात्र घालवायची, ह्यात आमची अर्धी हयात गेली. ते आता मशीन करतं आणि बरोबर करतं. दुसरं म्हणजे आमच्याच जमातीतल्या काही जणांनी केलेले उद्योग. वसुली घ्यायची, कच्ची पावती हातात द्यायची आणि रक्कम किर्दीला दोन महिन्यांनी आणायची. सहकार कायद्यातल्या कलम ८८ ची (संस्थेचं नुकसान करणाऱ्यावर ते बसवायची) प्रकरणं काय उगीच झाली नाहीत. जो सभासद म्हणतो की सगळं ऑनलाईन होऊ दे म्हणजे सचिवाला हात मारता येणार नाही, त्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

माझं भांडण आहे ते एवढ्यावर की चूक दुरुस्त करायचा अधिकार गावातून उचलून कुठंतरी लांब नेलाय आणि चुकीची जबाबदारी मात्र गावातच ठेवलीय. आणि आता तुम्ही म्हणताय की ज्या वहीवरून चूक दाखवून देता येते ती वही पण बंद करा. आता एकेक सांगतो.

पहिलं, बाक्या चढवल्या कशा ते. कंपनीकडून आलेली पोरं चांगली होती, त्यांच्याशी काही वाकडं नाही, नुकती बी.कॉम. झालेली, कंत्राटावरची, दिवसाला इतकी खाती संपवायची असं टार्गेट डोक्यावर. त्यांच्याकडं एक्सेलचा ठरलेला नमुना होता, नाव, आधार, मुद्दल, व्याज, देय तारीख वगैरे. आमच्या खतावणीत ह्या रकान्यांत न मावणारं बरंच असतं. पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं असतं की जमीन वाटणीत धाकट्याकडं गेली, अर्धी बाकी त्यानं कबूल केलीय, ठराव अमुक तारखेचा. एकाच नावाचे तीन सभासद असतात, खतावणीत ते मळ्यातला, टेकावरचा आणि थोरला असे लगेच ओळखू येतात, एक्सेलमध्ये तिघं सारखे, आणि आधार नंबर ज्याचा आधी मिळाला त्याचा बसला. वारलेल्या सभासदाची बाकी, वारस नोंद अजून तलाठ्याकडं पेंडिंग, पण आधारशिवाय खातंच पुढं सरकत नाही म्हणून मुलाचा नंबर टाकून मोकळे झाले. मी तिथंच म्हटलं की हे चुकतंय, तर उत्तर मिळालं की काका, आत्ता गो-लाईव्ह (म्हणजे मशीनवर काम सुरू) होऊ दे, दुरुस्त्या नंतर करता येतात. नंतर म्हणजे कधी ते कुणी सांगितलं नाही.

एक खातं जवळून दाखवतो. सभासदाचं पीक कर्ज वेगळं आणि ठिबकसाठी घेतलेलं मध्यम मुदतीचं कर्ज वेगळं. खतावणीत दोन पानं आहेत, ठिबकचा हप्ता दरवर्षी, पीक कर्ज त्यानं कधी चुकवलं नाही. चढवताना दोन्ही बाक्यांची बेरीज करून पीक कर्जाच्या एकाच रकान्यात टाकली, देय तारीख पीक कर्जाची. झालं, वर्ष संपल्यावर ठिबकच्या अजून मुदत न आलेल्या हप्त्यांची रक्कम पण थकली असं स्क्रीन सांगायला लागला आणि माणूस थकबाकीदारांच्या यादीत गेला. आयुष्यात एक दिवस ज्यानं सोसायटीचं देणं उशिरा दिलं नाही तो. आता थकबाकीदार म्हणजे नुसतं नवीन कर्ज बंद एवढंच नसतं, तो संचालक मंडळावर बसायला पण अपात्र ठरतो. सोसायटीची निवडणूक तोंडावर असताना अशा यादीचा गावात काय उपयोग होतो हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे असं नाही. समोरच्या पॅनेलनं ते प्रिंटआऊट फोटो काढून सगळ्या ग्रुपवर फिरवलं. माणूस माझ्याकडं आला, मी खतावणी उघडून दोन्ही पानं दाखवली, तो म्हणाला हे ठीक आहे, पण मशीनमध्ये काय आहे? आणि मशीनमध्ये जे आहे ते बदलायचं बटण माझ्याकडं नाही.

आता अनिष्ट तफावत. सहकारात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. सभासदांकडून सोसायटीला येणं कमी आणि सोसायटीकडून बँकेला देणं जास्त, मधला जो फरक तो अनिष्ट तफावत. तो काय एका रात्रीत झालेला नसतो, बँक सोसायटीला व्याज लावत जाते, वसुली आली की बँक आधी व्याजाला घेते, कर्जमाफीत काही रक्कम सभासदाच्या खात्यावरून उतरते पण बँकेकडं सोसायटीच्या नावावर तशीच राहते, असं करत वीस-तीस वर्षांत साचलेला असतो. महाराष्ट्रात किती सोसायट्या त्यात आहेत ते तुमच्याच ऑडिट रिपोर्टात दिसेल. सॉफ्टवेअरला मात्र दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मग जुळवलं कसं? फरकाची रक्कम उचलून सस्पेन्स खात्यात, म्हणजे कशाची ते न ठरलेल्या रकमा ठेवायच्या खात्यात, टाकली. माझ्या एका सोसायटीत हा आकडा सात अंकी आहे. जो प्रश्न संचालक मंडळ, बँक आणि सहकार खातं मिळून इतकी वर्षं सोडवू शकले नाहीत तो एका पोरानं एंटर दाबून एका ओळीत बसवला, आणि तुमच्या डॅशबोर्डवर ती सोसायटी हिरवी दिसायला लागली. आता ऑडिटर विचारतो की ही रक्कम कशाची, सही कुणाची, ठराव कुठाय. सही माझी आहे, कारण गो-लाईव्हच्या फॉर्मवर माझी आणि चेअरमनची सही घेतल्याशिवाय पोरं गावातून हलत नव्हती.

दुसरा मुद्दा तारखेचा, आणि ह्यात थेट शेतकऱ्याच्या खिशातून पैसे जातात. तीन लाखापर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं की आपल्या राज्यात व्याज शून्य, काही सवलत केंद्राची, काही राज्याची, डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली. सगळा खेळ तारखेचा आहे. देय तारखेच्या, आमच्याकडं ३१ मार्चच्या, आत भरलं तर शून्य, गेलं तर व्याज उभं राहिलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीत काय गर्दी असते ते बघायला एकदा या. अशाच वेळी सर्व्हर रखडला आणि २८ तारखेचा डे-एंड अडकला. आदल्या दिवसाचा डे-एंड झाल्याशिवाय पुढचा दिवस उघडत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. लोक पैसे घेऊन दारात उभे, त्यांना काय सांगू, सर्व्हर आला की या? मी पैसे घेतले, हाती पावत्या फाडल्या, भरणा बँकेत त्याच दिवशी केला, बँकेच्या शिक्क्याची स्लिप आहे. मशीन सुरू झालं एप्रिल उजाडल्यावर, आणि मागची तारीख टाकायची सोय गटसचिवाला नाही, ती वरून उघडून घ्यावी लागते. वसुली मशीनमध्ये एप्रिलच्या तारखेला जमा झाली. व्याज सवलतीच्या प्रस्तावातून ती नावं आपोआप गळली. अडीच लाखाचं कर्ज असेल तर वर्षाचं व्याज पंधरा हजाराच्या पुढं जातं, ते सभासदानं का सोसायचं?

मी तिकीट टाकलं. तिकीट म्हणजे तक्रार, पण तक्रार म्हटलं की लेखी उत्तर द्यावं लागतं म्हणून तिकीट म्हणत असावेत. त्यावर फोन आला, मुलगी गोड बोलली, हिंदीत, आणि संध्याकाळी मेसेज आला की तुमचं तिकीट रिझॉल्व्ह झालंय. काय रिझॉल्व्ह झालं? तर सर्व्हर सुरू झालाय. परत टाकलं, परत तसंच बंद. तिसऱ्यांदा सांगितलं गेलं की हा पॉलिसीचा विषय आहे, तुमच्या बँकेला विचारा. बँक म्हणते सॉफ्टवेअर आमचं नाही. सहाय्यक निबंधक कार्यालय, म्हणजे सहकार खात्याचं तालुक्याचं ऑफिस, म्हणतं आम्हाला लॉगिनच नाही. आणि तुमच्या आढावा बैठकीत स्क्रीनवर काय दाखवलं, तर जिल्ह्यातली इतकी तिकिटं आली आणि इतकी सोडवली, जवळजवळ सगळीच. टाळ्या पण झाल्या.

बाकीचे मुद्दे पटापट सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची अशी रचना आहे. रचना चांगलीय, बँकेत चालते कारण बँकेत माणसं असतात. सोसायटीत मी एकटा, आणि तीन सोसायट्यांना मिळून मी एकटा. मग दुसरं लॉगिन चेअरमनच्या नावानं काढलं, त्यांचा पासवर्ड माझ्या डायरीत आहे आणि हे आख्ख्या जिल्ह्यात असंच चालतं, तुमच्यासकट सगळ्यांना माहीत आहे. ह्याला नियंत्रण म्हणायचं असेल तर म्हणा, पण उद्या काही घोटाळा निघाला तर ज्या चेअरमनला माऊस धरता येत नाही त्याच्या नावावर मंजुरी निघणार.

बँकेच्या कॉम्प्युटरचं आणि आमच्या कॉम्प्युटरचं बोलणं नाही. जिल्हा बँका कोअर बँकिंगवर गेल्याला दहा वर्षं होऊन गेली, सभासदाला रुपे किसान कार्ड मिळालं, तो एटीएममधून पैसे काढतो, छान आहे. पण त्यानं काढले हे सोसायटीला कळतं बँकेचं स्टेटमेंट हातात आल्यावर, आणि मग मी ते बघून एकेक रक्कम परत आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करतो. कर्ज दिलं सोसायटीनं म्हणायचं आणि सोसायटीलाच शेवटी कळायचं. खताचं पण तेच. एका सोसायटीत खत विक्री आहे. पोतं विकलं की आधी पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा, मग ईआरपीत विक्री, मग खत निरीक्षकाला दाखवायला साठा रजिस्टर. एकच युरियाचं पोतं तीन वेळा विकतो मी. ऑनलाईन झाल्यावर काम कमी होणार असं ट्रेनिंगला सांगितलं होतं, हे आठवण म्हणून लिहितोय.

ठरावाचं जरा थांबून सांगतो, कारण हे कुणाच्या लक्षात येत नाहीये. सोसायटी ही सभासदांची आहे, तिचा मालक संचालक मंडळ पण नाही, वार्षिक सभा आहे. आधी क.म. पत्रक, म्हणजे कुणाला किती कर्ज द्यायचं ते ठरवणारं कर्ज मर्यादा पत्रक, गावात बसून व्हायचं. कुणाचं क्षेत्र किती, ऊस किती, सोयाबीन किती, ह्याला इतकं द्यावं का नको, ह्यावर मंडळात वादावादी व्हायची, कधी राजकारण व्हायचं, कधी खोटेपणा पण व्हायचा, नाही असं नाही. पण तेराच्या तेरा जण त्या माणसाला आणि त्याच्या बांधाला ओळखणारे असायचे. एखाद्याच्या घरी आजारपण आलं म्हणून वसुलीला थांबा असं म्हणायला तिथं कुणीतरी असायचं. आता स्क्रीनवर पात्र-अपात्र आधीच उमटतं आणि मंडळ नंतर त्याला साजेसा ठराव करतं. मागच्या मीटिंगला एक वयस्कर संचालक म्हणाले, सगळं मशीननं ठरवलंय तर आम्हाला चहाला बोलावलं काय? मी काही बोललो नाही, प्रोसिडिंगला पण लिहिलं नाही, पण ते खरं बोलत होते. सोसायट्यांसाठी नमुना नियमावली म्हणजे आदर्श उपविधी आली, पंचवीसच्या वर व्यवसाय करा म्हणालात, सीएससीच्या (सरकारी ऑनलाईन सेवा केंद्राच्या) तीनशेवर सेवा द्या म्हणालात, पेट्रोल पंप, औषध दुकान, गोदाम, करू की, कुणी नाही म्हटलं. पण ज्या संस्थेला आपल्या सभासदाची बाकी स्वतः दुरुस्त करता येत नाही ती औषध दुकान कुठून चालवणार?

बरं, एकच सॉफ्टवेअर सगळ्या देशाला हे ऐकायला झकास वाटतं. तमिळनाडूतली सोसायटी ठेवी घेते. बिहारमधली धान खरेदी करते. आमच्याकडं गटसचिव, क.म. पत्रक, ऊसबिलातून वसुली, कारखान्याकडून आलेली कपातीची यादी. ह्या सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवलाय आणि घट्ट होतोय म्हटलं की सांगतात पोट आत घ्या. आमच्याकडची ऊसबिलाची कपात कारखान्याकडून पाचशे नावांची एक यादी म्हणून येते, ती एकदम चढवायची सोय मला तरी अजून सापडली नाही, एकेक पावती करत बसतो. मेनू मराठीत आहे, पण अडकल्यावर येणारा लाल मेसेज इंग्रजीतच असतो, म्हणजे नेमकी गरज असते तिथं मराठी संपते.

लाईट, इंटरनेट, टोनर, कागद, राऊटरचं सिम ह्यावर फार लिहीत नाही. चार लाख खर्चून मशीन दिलं, पण ते चालवायचा महिन्याचा खर्च सोसायटीच्या व्याजाच्या गाळ्यातून (सभासदाकडून घ्यायच्या आणि बँकेला द्यायच्या व्याजातल्या फरकातून), आणि तो गाळा किती उरलाय ते बँकेला विचारा. माझ्या सगळ्यात लहान सोसायटीत बॅटरी उतरलेला यूपीएस आता फक्त कॅलेंडर टेकवायला आहे.

ह्यावर तुम्ही म्हणाल की कुठलंही नवीन काम सुरवातीला असंच असतं. मान्य. पण आपल्याच राज्यात ह्याच्याआधी मोठ्या नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या तेव्हा काय केलं ते आठवा. सातबारा ऑनलाईन झाला, चुका ढिगानं झाल्या, क्षेत्र जुळेना, नावं गायब, पण निदान गावोगाव चावडी वाचन ठेवलं, लोकांना सातबारा वाचून दाखवला, चूक असेल तर सांगा म्हटलं. तरी राहिलेल्या चुकांसाठी जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडं जायची वाट होती. खेटे घालावे लागले, लोक वैतागले, पण कुणाकडं जायचं आणि आदेश कोण काढणार हे कायद्यात लिहिलेलं होतं. त्याहून चांगलं उदाहरण महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेचं, २०१९ डिसेंबरची घोषणा. याद्या सोसायटीत आणि गावात लावल्या, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक, आधार प्रमाणीकरणाच्या वेळी शेतकऱ्यासमोर रक्कम यायची आणि ती मान्य नसेल तर अमान्य म्हणता यायचं, मग प्रकरण जिल्हा समितीकडं. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाईन माहितीचा जो गोंधळ झाला होता त्यातून शहाणपण घेऊन हे केलं होतं, असं माझं तरी मत आहे. म्हणजे शेतकऱ्याला अमान्य म्हणायची जागा देणारं सॉफ्टवेअर आपल्याला बनवता येतं, ते आपण वापरलेलं आहे. मग सोसायटीच्या सभासदाला ती जागा का नाही? त्याची बाकी कंपनीच्या पोरानं चढवली, मी सही केली, चेअरमननं केली, तुम्ही हिरवा रंग दिला. ज्याच्या नावावर पैसे आहेत त्याला कुणी विचारलंच नाही.

तर मागण्या अशा:

१. प्रत्येक सोसायटीत चढवलेल्या बाक्यांचं चावडी वाचन ठेवा. सभासदाचं नाव, कर्जाचा प्रकार, मुद्दल, व्याज, देय तारीख, शेअर्स आणि ठेव, मोठ्यानं वाचून दाखवा आणि यादी पंधरा दिवस नोटीस बोर्डावर ठेवा. ज्याला मान्य त्याची सही किंवा अंगठा, ज्याला अमान्य त्याचं कारण समोर लिहून घ्या. ह्याला सॉफ्टवेअर लागत नाही, एक दिवस आणि एक टेबल लागतं.

२. हे वाचन होऊन दुरुस्त्या पूर्ण होईपर्यंत हाती दप्तर बंद करायचं परिपत्रक थांबवा. त्यानंतर बंद करा, मी स्वतः कपाटाला कुलूप लावीन.

३. दुरुस्तीचा अधिकार तालुक्याला आणा. मंडळाचा ठराव, मूळ खतावणीच्या पानाची प्रत, आणि सहाय्यक निबंधक कार्यालयातल्या नेमून दिलेल्या माणसाची मंजुरी, एवढ्यावर सात दिवसांत दुरुस्ती झाली पाहिजे. कुणी, कधी, काय बदललं ह्याची नोंद मशीनमध्ये राहू दे, मला ती पुसायची नाहीये, उलट पाहिजे आहे.

४. सर्व्हर किंवा डे-एंड अडकल्यामुळं ज्या सभासदांची परतफेड एप्रिलमध्ये जमा दिसतेय पण बँकेचा भरणा मार्चचा आहे, त्यांचा व्याज सवलतीचा प्रस्ताव बँकेच्या स्लिपवर ग्राह्य धरा. आणि पुढच्या मार्चसाठी सर्व्हर बंद असताना काय करायचं ते आत्ताच लेखी द्या.

५. सस्पेन्स खात्यात टाकलेल्या रकमांची सोसायटीवार यादी जाहीर करा. अनिष्ट तफावत असेल तर तिला अनिष्ट तफावतच म्हणा आणि बँक, सहकार खातं, सोसायटी तिघांना बसवून कुणी किती उचलायची ते ठरवा.

६. तिकीट बंद करण्याआधी तक्रार करणाऱ्याची सहमती घ्या. आढावा बैठकीत किती बंद झाली हे दाखवण्याऐवजी किती जणांनी सुटलं म्हणून सांगितलं ते दाखवा.

७. तीन सोसायट्यांमागं एक डेटा एंट्री करणारा माणूस द्या, गावातलीच बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा चालेल, पगार प्रकल्पातून. म्हणजे नोंद एकाची आणि तपासणी दुसऱ्याची हे खरोखर होईल आणि चेअरमनचा पासवर्ड माझ्या डायरीतून जाईल.

पगाराचं मी ह्यात घातलं नाही, त्यावर आमची संघटना बोलेल.

हे पत्र लिहिल्याबद्दल मला नोटीस येईल हे धरून चाललोय. आली तर उत्तर देईन, कागद सगळे आहेत. तोपर्यंत मी रोज डे-एंड पण करणार आणि किर्द पण लिहिणार, आणि तपासणीला याल तेव्हा दोन्ही समोर ठेवणार. ३० सप्टेंबरच्या आत तिन्ही सोसायट्यांच्या वार्षिक सभा घ्यायच्या आहेत, अहवाल छापायला टाकायचा आहे आणि त्यात थकबाकीदारांची यादी द्यायची आहे. ती यादी मशीनमधली छापू का खतावणीतली, एवढं कृपया सहीशिक्क्यानिशी कळवा.

आपला,
एक गटसचिव